तिनं मध दिला नाही

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास माझा आवाज बसला आणि दोन महिने झाले तरी सुटला नाही. हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ आमचं गाव. घरची हळद असते, त्यामुळे त्या दिवसांत हळद शिजवायची, वाळवायची आणि मग चकाकी यायला लोखंडी ढोलात घालून फिरवायची, हेच चालू असतं. ढोल फिरायला लागला की अंगभर पिवळी धूळ बसते, घशात जाते. दरवर्षी चार दिवस घसा धरायचा आणि सुटायचा. या वेळेसही तसंच असेल म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण पंधरा दिवसांनी एकादशीच्या भजनात पहिला अभंग उचलायला तोंड उघडलं, तर आवाजाऐवजी नुसता वारा बाहेर आला. गेली वीस वर्षं आमच्या मंदिरात बायकांच्या भजनात पहिला सूर माझा असायचा. त्या दिवशी मी टाळ खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून बसून राहिले.

गावात मी औषधाची म्हणून ओळखली जाते. डॉक्टर नव्हे, पण कुणाला खोकला झाला, लेकराचं बोट कापलं, तर बायका माझ्याकडे येतात. आमच्या शेतातली हळद तव्यावर जरा परतून मधात कालवायची आणि त्याचं चाटण द्यायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलं. कितीतरी जणांना त्यानं आराम पडलेला मी पाहिला आहे. तेव्हा मी स्वतःलाही तेच सुरू केलं. सकाळी देवापुढं वाटी ठेवायची, हात जोडायचे, चाटण घ्यायचं. मी पांडुरंगाला म्हणायचे, माझ्या शेतात ही हळद तूच पिकवलीस, आता तिच्यातूनच मला बरं कर. ही प्रार्थना आहे असं मला तेव्हा वाटायचं. खरं तर ती अट होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या अटीच्या खाली एक भीती दडलेली होती. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, आवाज असाच बसला होता. तिला नांदेडला दाखवलं, घशात गाठ निघाली आणि वर्षाच्या आत ती गेली. माझ्या मनानं त्याचा भलताच अर्थ लावून ठेवला होता. दाखवलं म्हणून दुखणं निघालं. दाखवलंच नसतं तर निघालं नसतं. हे वेडेपण आहे हे कळत होतं, पण पाय दवाखान्याकडे वळत नव्हते.

आमचे हे साधे माणूस. दोन-तीनदा दवाखान्यात दाखव म्हणाले, शेवटी हळदीचा नमुना दाखवायला हिंगोलीला निघाले तेव्हा मलाही गाडीवर घेऊन गेले. मला दवाखान्याच्या कोपऱ्यावर उतरवलं आणि ते हळदीच्या बाजारात, मोंढ्यात गेले. मी दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले, आत बसलेली माणसं पाहिली आणि परत फिरले. जवळच्या देवळात जाऊन बसले. दोन तासांनी ते आले तेव्हा सांगितलं, दाखवलं, धुळीचा त्रास आहे म्हणाले, घरचंच औषध चालू ठेवा म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी इतकं मोठं खोटं कधी बोलले नव्हते, आणि तेही देवाच्या दारात बसून. 

वैशाखात वाशिमकडच्या एका लग्नाला गेलो होतो. येताना कनेरगाव नाक्याला वऱ्हाडाची गाडी चहासाठी थांबली. रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत एक बाई मधाच्या बाटल्या मांडून बसली होती. बंजारा तांड्यावरची असावी, हातात जुन्या वळणाच्या पांढऱ्या बांगड्या, बलोये, अंगावर मात्र त्यांची आरसे लावलेली कापडं नव्हती, साधंच लुगडं. वय माझ्याहून थोडं जास्त. घरचा मध संपत आला होता, म्हणून मी पुढं होऊन एक बाटली उचलली आणि विचारलं, मोहोळाचाच आहे ना.

तिनं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाहतच राहिली आणि म्हणाली, "बाई, तुझा आवाज कधीपासून असा हाय?"

मी म्हटलं, शिमग्यापासून.

"डाक्टरला दाखवलं?"

मी बोलायच्या आत मागून यांनी सांगितलं, "दाखवलं की हिंगोलीत. धुळीचं हाय म्हणले."

तिनं यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडेच पाहत होती. रागानं नाही, संशयानंही नाही; आपण एखाद्याच्या उत्तराची वाट पाहतो तसं. काय झालं ते मला सांगता येत नाही. इतके दिवस जे मी घरात, देवळात, स्वतःच्या मनातही बोलले नव्हते, ते माझ्या बसक्या घशातून आपोआप बाहेर आलं. "न्हाई दाखवलं," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

तिनं हात पुढं केला आणि माझ्या हातातली बाटली काढून घेतली.

"मंग मी तुला मध न्हाई देनार," ती म्हणाली. "माझा मालक खोकून राहिला होता. मी रोज मध देऊन राहिले, हळद घालून. खोकला थोडा दबायचा, आमाला वाटायचं बरं होऊन राहिलं. आतून फुप्फुस गेलं त्याचं. मधानं खोकला गप बसतो बाई, दुखनं गप बसत न्हाई. आधी दाखवून ये. मंग फुकट देते."

 यांनी हातातले चहाचे पेले खाली ठेवले. म्हणाले, "उद्या नांदेडला जाऊ. मी संगं बसतो आत." गाडीत बसल्यावर मी खिडकीकडे तोंड करून रडले. पण त्या रडण्यात भीती कमी होती. कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा तसं मोकळं वाटत होतं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. आवाजाच्या पडद्यावर गाठ होती. हे माझा हात धरून शेजारी बसले होते. बाई म्हणाल्या, बहुतेक साधी आहे, आवाजावर ताण पडून होते अशी, पण काढून तपासायला पाठवू. मी घाबरत घाबरत चाटणाचं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या रागावल्या नाहीत. साध्या खोकल्याला मध चांगला, खुशाल घ्या, म्हणाल्या; फक्त वर्षाच्या आतल्या लेकराला चाटवू नका, आणि गाठ त्यानं विरघळेल अशी आशा धरू नका. मला एकदम आठवलं, माझ्या नातीच्या जिभेला मी बाराव्या दिवशी मध लावला होता. तिला काही झालं नाही. त्याबद्दलही मी तिथंच मनातल्या मनात हात जोडले.

गाठ काढली. त्यानंतर आठवडाभर एक शब्दही बोलायचा नव्हता, आणि तपासणीचा कागदही त्याच आठवड्यात यायचा होता. ते दिवस मी विसरणार नाही. ओठ मिटून ओसरीवर बसायचे. पांडुरंगाचं नाव घ्यायचं ते आतल्या आत. आणि हळूहळू ध्यानात आलं, की आजवर मी देवाशी सतत बोलत आले, मागत आले, गाऊन दाखवत आले. त्याचं काही ऐकायला म्हणून कधी बसलेच नव्हते. पाचव्या का सहाव्या दिवशी मी पहिल्यांदा अट न घालता हात जोडले. कागदात काहीही येवो, तू आहेस आणि शेजारी हे आहेत, एवढं मला पुरे आहे. त्या दिवशी दुपारी मला गाढ झोप लागली, कितीतरी दिवसांनी.

कागद आला. गाठ साधी निघाली. यांनी तो वाचून घेतला, घडी करून देवापुढं ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा डोळे लाल होते.

आवाज सावकाश आला. पूर्वीइतका चढत नाही. महिन्याभरानं आम्ही मुद्दाम कनेरगाव नाक्याला गेलो. मी सोबत आमच्या शेतातली दळलेली हळद बांधून घेतली होती. ती मधवाली बाई तिथं नसेलच, असं का कोण जाणे मला वाटत होतं. पण ती होती, त्याच सावलीत, त्याच बाटल्या मांडून. मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती घाबरून उठलीच. तिला मी मुळीच आठवत नव्हते. मी सगळं सांगितलं. ती थोडी हसली आणि म्हणाली, "जुना खोकला, बसलेला घसा दिसला की मी समद्यालाच म्हणते बाई. कुनी ऐकतं, कुनी दुसरीकडून मध घेतं." मग माझ्या गळ्याकडे पाहून तिनं विचारलं, आता तकलीफ नाही ना, आणि बोलल्याप्रमाणे एक बाटली माझ्या ओटीत घातली. पैसे घेतले नाहीत. हळद मात्र हुंगून पाहिली आणि ठेवून घेतली.

परतताना मी विचार करत होते. माझ्यासाठी जो साक्षात देवाचा हात होता, ते तिच्यासाठी रोजचं बोलणं होतं. तिनं मला वेगळं काढून काहीच केलं नव्हतं. आपल्या माणसाचं दुःख तिनं कडवट होऊ दिलं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कामी लावलं, आणि स्वतःचं गिऱ्हाईक तोडून लावलं. देव असाच येत असेल, तर त्याला ओळखायला मी किती वेळा चुकले असेन.

बायका अजूनही माझ्याकडे येतात. मध-हळदीवरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. ती दोन्ही देवाचीच देणगी आहेत. पण सगळं त्याच्यावर सोडायचं म्हणजे आपल्याला सोयीची वाट त्याला दाखवायची नव्हे. तो जी वाट दाखवील तिच्यावर, भीती वाटत असताना, पाऊल टाकायचं. म्हणून आता कुणी खोकत आली की मी आधी विचारते, किती दिवस झाले. दोन-चार दिवसांचं असेल तर चाटण देते. जास्त दिवसांचं असेल आणि तिच्या डोळ्यांत मला माझी ती भीती दिसली, तर वाटी बाजूला ठेवते, तिचा हात हातात घेते आणि म्हणते, "उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ. मी येते संगं."