अण्णांची पुकार

अण्णा, म्हणजे माझे वडील, बीडच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. सगळी नोकरी त्यांनी माइकसमोर काढली. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवायला गेलो तरी एखादा अनोळखी माणूस त्यांचा आवाज ऐकून मागं वळायचा आणि "तुमी स्टँडवरले ना?" म्हणायचा. अण्णा वरवर लाजायचे, पण त्या दिवशी एखादी भाकरी जास्तच खायचे.

त्यांची एक शिस्त होती. बोलायच्या आधी माइकचं बटण चालू करायचं आणि शेवटचा शब्द संपला की लगेच बंद. एकदा त्यांच्या जोडीदारानं माइक उघडा टाकून घरच्या भांडणाची गोष्ट सांगितली होती, ती सगळ्या स्टँडनं ऐकली. तेव्हापासून अण्णांनी हे फारच मनावर घेतलं होतं.

निवृत्त झाल्यावर नेमकं त्या गळ्यातच दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनला निघायच्या आधी अण्णांची पुकार रेकॉर्ड करून ठेवायची, एवढं एकच मी धरून बसले.

मी इथल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तासांचे व्हिडिओ घरूनच करता यावेत म्हणून नुकतेच सुटे भाग आणून मी कॉम्प्युटर जोडला होता. स्वतःच्या हातानं जोडला, याचा मला भारी तोरा होता. भाऊ म्हणाला, "आगं, मोबाईलवर घे की." पण मोबाईलमध्ये कूलरची घरघर येते, गल्लीतल्या रिक्षा येतात. मला स्वच्छ आवाज पाहिजे होता. तो हट्ट आठवला की आजही स्वतःचा संताप येतो.

कॉम्प्युटर आधी मुकाच निघाला. आवाज स्पीकर सोडून मॉनिटरकडे चालला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. ते सेटिंगमध्ये बदललं. मग टेबलावरचा माइक लावून मी "हॅलो, हॅलो" केलं, तर ते छान उमटलं. अण्णा नवा सदरा घालून तयारच होते. त्यांना टेबलावरचा माइक काही मानवेना. त्यांनी तो उचलून मुठीत धरला, घसा खाकरला आणि परळीची गाडी पुकारली. गळा दुखत होता तरी तोच ताल, गावांच्या नावांवर तोच हेल.

ऐकायला गेले तर सुरुवातीची थोडी खुडबुड आणि मग काहीच नाही. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट.

माझा हॅलो यायचा, अण्णांची पुकार यायची नाही. कुठंतरी वायर ढिली असणार, असं मी ठरवून टाकलं. माइकची पिन पुढून काढून मागं लावली. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून आतल्या वायरी दाबल्या. ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला. प्रत्येक खेपेला अण्णांना पुकारायला लावायचं, रेघ सपाट दिसली की रेकॉर्डिंग तसंच चालू टाकून आपण कॅबिनेटच्या मागं डोकं घालून बसायचं, असं दुपारभर चाललं. अण्णांचा आवाज बसत चालला होता. शेवटी आई ओरडली, "बास कर आता, जीव घेती का त्यायचा?" तेव्हा मी थांबले. मोबाईलवर घ्यायचं ठरलं, पण त्यांच्या घशातून मग नुसती फुसफुस निघाली. सकाळी आम्ही ऑपरेशनला निघालो.

अण्णा बरे होऊन घरी आले. एकदा मी तासाची तयारी करत असताना ते शेजारी येऊन बसले. गंमत म्हणून त्यांनी माइक उचलला, अंगठ्यानं दांड्यावरचं बटण खाली ओढलं आणि नुसतेच ओठ हलवले. पुकारून झाल्यासारखं करून बटण परत वर सरकवलं. स्टँडवरच्या माइकचं बटण खाली ओढलं की चालू व्हायचं. माझ्या माइकचं खाली ओढलं की बंद होतं. मी ते बटण कधी हलवलंच नव्हतं, त्यामुळं ते माझ्या डोक्यातच नव्हतं. त्यांना मी काही सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

ते जेवायला गेल्यावर त्या दुपारच्या फाइली काढल्या. ऐन पुकारीच्या जागा सगळ्या मुक्या आहेत. पण पुकारून झाल्यावर ते बटण वर करायचे, तिथून पुढचं सगळं आहे, अगदी स्वच्छ आहे. "कावून गं, आलं का?" "ड्रायव्हर न्हाई व्हय? मंग गाडी कशी निघंल?" आणि स्वतःच हसतात. "लई दमलीस, च्या घे आदी." मी ते पुन्हा पुन्हा ऐकते, पण शेवटची फाइल मला पूर्ण ऐकवत नाही. तिच्यात अण्णा काहीतरी सांगायला लागतात, "तुला सांगतो, म्या पैल्यांदा माइक धरला ना..." आणि कॅबिनेटमागून माझा आवाज येतो, "अण्णा, जरा गप्प बसा ना. मला बघू द्या."

अण्णा म्हणतात, "बरं." मग नुसता कूलर ऐकू येत राहतो.