कोणती खाण?

गेल्या हिवाळ्यात मी खंडोबाशी अबोलाच धरला होता. बाबा सोलापूरहून इंग्लंडला, कॉव्हेंट्रीत माझ्याकडे आले ते खोकला घेऊनच. अँटिबायोटिक्स झाली, श्वासाचे पंप झाले, तरी अंग झडतच होतं. जिना चढताना मध्येच कठडा धरून उभे राहायचे. भंडाऱ्याची वाटी मी भरत होते, पण मनात एकच, मल्हारी, आणखी किती विनवू? जीपींनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच छातीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाली.

हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये खुर्च्या रिकाम्या असताना बाबा भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “अहो बाबा, वर बसा ना, लोक बघतायत!” पण बाबा कधी माझं ऐकतात का?

समोर एक गोरे आजोबा होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. ते हसून मला म्हणाले, “राहू दे, लव्ह. कोळशाच्या खाणीत आम्ही असेच बसायचो. तिथं खाली खुर्च्या कुठल्या?” आणि थेट बाबांना विचारलं, “विच पिट?” कोणती खाण?

मी घाईनं सांगितलं, हे खाणीतले नव्हेत, कापडाच्या दुकानात होते. पण बाबांचा चेहरा असा उजळला! “गोल्ड माइन! कर्नाटक!” ते जवळजवळ ओरडलेच. मग मला म्हणाले, “तुझ्या जन्माआधी सोन्याच्या खाणीत दगड फोडायचो मी. धुळीत शेजारचा माणूस दिसायचा नाही. ती बंद पडली म्हणून तर सोलापूरला आलो.”

“बाबा, हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

“त्यांनी कामाचं विचारलं तेव्हा तूच तर परस्पर उत्तर दिलंस की!”

खरंच होतं. इथं आलेल्या आईवडिलांच्या वतीनं आम्ही मुलंच बोलून मोकळी होतो. त्या दिवशी आत गेल्यावर मात्र बाबांना बोलू दिलं, आणि शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोळ्या सुरूच करू दिल्या नाहीत, स्कॅन काढला, थुंकी तपासायला पाठवली. निघाला सिलिकोसिस, आणि त्यावर टीबी! दगडाची धूळ बसलेल्या फुफ्फुसात टीबी सहज घर करतो, आणि त्या गोळ्यांनी तो भडकला असता, असं त्यांनी समजावलं. भीती वाटलीच, पण त्याच क्षणी आनंदानं ओरडावंसंही वाटलं. दुखणं सापडलं होतं! टीबीवर औषध होतं!

धूळ काही निघणार नाही, दम राहणारच. पण टीबी गेला. यंदा चंपाषष्ठीला तळी उचलताना बाबांनी ‘येळकोट येळकोट’ची अशी हाळी दिली, की शेजारीण काय झालं म्हणून दार वाजवत आली! भंडारा मात्र मी उधळू दिला नाही, नुसता कपाळाला लावला.

ते आजोबा पुन्हा दिसले नाहीत. त्यांना देवानं पाठवलं का, या वादात मी पडत नाही. अपॉइंटमेंट, औषधं, बाबांची उत्तरंसुद्धा मी माझ्या हातात ठेवली होती. एक बाबांचं ते उकिडवं बसणं तेवढं माझ्या हातात राहिलं नाही, आणि मल्हारी तिथूनच आत आला. आता हात जोडते तेव्हा मागायचं काही सुचतच नाही. बाबांनी त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर, एवढंच मनात येतं आणि डोकं आपोआप खाली जातं.