कुलूप दिसलं की पुढे

आमच्या आत्यानं तीस वर्षं टपाल वाटलं. कोणाचं कुत्रं चावरं, कोणाला ऐकू येत नाही, कोण अंथरुणाला खिळलंय, सगळं तिला तोंडपाठ. म्हणून बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया सुटलाच तर वस्ती कशी रिकामी करायची, हे ठरवायला समिती बसली तेव्हा यादीचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. निवृत्त होऊन गप्प बसेल ती आत्या कसली!

स्वतःहून बाहेर पडता न येणारी तेवीस माणसं निघाली. कोणाला उचलायला दोघं लागतील, कोणाची चाकाची खुर्ची जिन्याखाली असते, सगळं तिनं लिहिलं. नियमही तिचेच. त्यातला एक असा, की दाराला कुलूप दिसलं की घर रिकामं समजायचं आणि पुढे जायचं. वेळ दवडायचा नाही.

"आणि आतोबांचं नाव?" मी विचारलं. अर्धांगवायूनंतर त्यांचा एकच हात चालायचा.

"घरचं माणूस यादीत कशाला? मी मेलेय का?"

तिच्यापुढे आमची अक्कल चालत नाही.

एका मंगळवारी सकाळी भोंगा वाजला, आणि तो सरावाचा नव्हता. आत्या भाजीला गेलेली; ती तिथूनच वरच्या गल्लीत धावली. खालची गल्ली माझ्याकडे. नियमाप्रमाणे नाकावर ओला रुमाल, हातात यादी. आत्याच्या दारावरून मी दोनदा गेलो. कुलूप होतं. बाहेर जाताना ती आतोबांना आत ठेवून कुलूप लावते, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण हातात यादी आली की माणूस डोकं घरी ठेवून निघतो. आजही सांगताना लाज वाटते.

शाळेच्या मैदानावर आत्यानं यादीवरून बोट फिरवलं. "तेवीसच्या तेवीस! शाब्बास रे मठ्ठ्या." मग रुमाल काढायला तिनं पिशवीत हात घातला आणि किल्ली हाताला लागली.

ती धावली. अग्निशमनवाल्यांनी रस्त्यातच अडवलं, किल्ली घेतली आणि मुखवटे लावून आत गेले. आम्ही उभे. पाव तास असेल. मला तो सरता सरेना.

आतोबांना स्ट्रेचरवर आणलं. उशाचा तांब्या त्यांनी चालत्या हातानं चादरीवर उलटा केला होता आणि ती तोंडावर घेतली होती. आत्या रोज संध्याकाळी मोठ्यानं नियम वाचायची, ते घरात दुसरं कोण ऐकणार! आतोबांचे डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"यादीत माझा नंबर कितवा गं?"

"पहिला," आत्या म्हणाली.

"मग एवढा उशीर?"

आत्या सगळ्यांदेखत रडली. कुलपाचा नियम तिनं त्याच दिवशी खोडला. आतोबांचं नाव मात्र मला लिहायला लावलं. सगळ्यांच्या वर, पहिल्या नंबरावर.