आमेन म्हणजे सावधान नव्हे

चर्चमध्ये वाजवायचं तर सुरू कधी करायचं आणि थांबायचं कधी, हे मला आजतागायत धड कळलेलं नाही. लग्नाचं कसं, सगळं सरळ. भटजी शेवटचं ‘सावधान’ म्हणतात, नवरीचा मामा हात वर करतो, अक्षता पडतात आणि बँड सुटतो. खालापूरकडच्या आमच्या बँडनं आयुष्यभर तेवढंच केलं होतं. पहिल्या ट्रम्पेटवर बाबा, म्हणजे माझे वडील. तेच बँडचे मास्तर. चाल ते वाजवणार. दुसऱ्या ट्रम्पेटवर, खालचा सूर धरायला, मी. दोन पोरांचा बाप झालो तरी दुसराच.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. खोपोलीत कारखान्यांपायी कुठकुठची माणसं येऊन राहिली होती. तिथल्या एका लहानशा चर्चनं नाताळाला आम्हाला बोलावलं. सकाळी मिस्सा म्हणजे त्यांची प्रार्थना, दुपारी कामगारांच्या चाळीत दारोदार, संध्याकाळी परत मिस्सा. मार्गशीर्षातली लग्नं वाजवून आमचे ओठ आधीच सोलवटलेले. त्यात बाबांचा वरचा पुढचा दात हलत होता. लोकांना वाटतं ट्रम्पेट छातीच्या जोरावर वाजतो. डोंबल! तो दातांवर टेकतो. दात हलला की सूर हलतो. बाबा दाताखाली लवंग धरून वेळ मारून नेत होते. मला एकदाच म्हणाले होते, “ज्या दिवशी सूर फाटंल त्या दिवशी ह्यो खाली ठेवीन. मंग परत उचला म्हनून कोनी सांगाया येऊ नका.”

ट्रम्पेटवाचून बाबा म्हणजे कोण, याची मला कल्पनाच करता येईना. आणि बाबांनंतर तो माझ्याकडे येणार हेही ठाऊक होतं. मला तो हवा होता की नको, देव जाणे.

फादर भला माणूस. आम्हाला समजावून म्हणाले, “आमेन झालं की सुरू करा.” पहिली प्रार्थना संपली, सगळे आमेन म्हणाले आणि आम्ही छप्पर उडेल असा बार उडवला. फादरांनी घाईघाईनं हात वर केला. आता हात वर केला म्हणजे आमच्यात काय? वाजवा! आम्ही आणखी जोरात. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं कानांत बोटं घातली. मग कळलं की इथे आमेन घडोघडी होतं, आणि त्यातलं आपलं कुठलं ते आपणच ओळखायचं. लोक उभे राहिले की आम्ही उभे. ते गुडघ्यांवर बसले की आमचा भोंगेवाला अंगाभोवतीच्या पितळी भोंग्यासकट बाकात अडकायचा. गाणीही इतकी संथ, की त्यानं माझ्या कानात विचारलं, “आरं, जन्म झालाय का मयत?” मला काय माहीत, कप्पाळ!

खरी गोम त्या संथपणातच होती. वरातीत ओठ थकला की मास्तर ढोलवाल्याकडे बघतो, ढोल घुमायला लागतो, पोरं नाचतात, तेवढ्यात आपण ओठ पुसून मोकळे. इथे ढोलाला आत मज्जाव. एकेक सूर लांबवायचा, कडवं संपलं की पुन्हा तेच, आणि दमलेल्या माणसाला आडोसा कुठेच नाही.

दुपारी चाळीत दर दारात एक गाणं आणि वर केकचा तुकडा. बाबांनी केकला हात लावला नाही. एका जिन्याखाली त्यांनी तोंड पुसलं तेव्हा मला रुमालावर रक्त दिसलं.

“बाबा, संध्याकाळी मी धरतो चाल. तुमी नुसतं उभं राहा.”

“तू तुजं बघ रं,” ते डाफरले.

संध्याकाळी शेवटचं गाणं लागलं. आमच्या बँडचा एकच कायदा होता, मास्तरानं ट्रम्पेट तोंडावरून काढला की सगळ्यांनी थांबायचं. दुसऱ्या कडव्यात मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. लोक गात होते, भोंगा घुमत होता, मी माझा खालचा सूर धरून होतो. मग गाण्याची चाल कुठे गेली? मी बाबांकडे पाहिलं. ट्रम्पेट ओठांवर, गाल फुगलेले, बटणांवर बोटं बरोबर पडतायत. आवाज मात्र नाही. माझेच कान गेले की काय? थांबावं तर मास्तर थांबलेले नाहीत. चाल उचलावी तर मास्तरांच्या देखत ती उचलणारा मी कोण? बाबांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या बोटांकडे बघता बघता मी चालीवर कधी चढलो, माझं मलाच कळलं नाही. शेवटच्या सुरापर्यंत बाबांनी ट्रम्पेट खाली घेतला नाही.

फादरांनी येऊन बाबांचे दोन्ही हात धरले. “मास्तर, काय वाजवलंत हो!” बाबा तोंड मिटून हसले.

आम्ही बाहेर आवारात आलो. बाबांनी त्यांचा ट्रम्पेट माझ्या हातात दिला. वाजवून झालं की पुसायला तो रोज माझ्याकडेच येई. मी गळ्यातला पंचा काढला आणि घासायला लागलो.

“आरं येड्या,” बाबा म्हणाले, “पुसाया नाय दिला.”

मी आपला पुसतच राहिलो.