उंचीच्या पट्टीचे खिळे

मंडणगडला फौजदार असताना एका मुलीने माझ्या टेबलावर ठेवलेली बाटली मी विसरू शकलेलो नाही. बोटाच्या पेराएवढी, आत चिमूटभर पांढरी पूड. मुलगी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवणारी. दंडावर पट्टी.

"साहेब, यावरचं इंग्रजी वाचा. फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसांसाठी नाही. हे पाण्यात कालवून मला टोचलंय."

उंची कमी म्हणून दोन स्थळांनी नकार दिला, तेव्हा वडिलांनी तिला बाजारातल्या एका 'डॉक्टर'कडे नेले होते. सहा सुयांनंतर दंडात गळू झाले. शेवटच्या खेपेला त्याची पाठ वळताच तिने ही बाटली उचलली.

"सव्वा इंच वाढलीस म्हणतो. मग माझा परकर तेवढाच कसा पुरतो?"

मी तक्रार नोंदवली. रत्नागिरीच्या सरकारी डॉक्टरांनी बाटलीवरचे नाव वाचले आणि कपाळाला हात लावला. शरीराला वाढीचा स्राव सोडायला लावणारा तो पदार्थ होता आणि त्याचे प्रयोग तेव्हा उंदरांवर चालले होते.

दुसऱ्या दिवशी पंचांसह दवाखान्यावर छापा घातला. बाटल्या सील केल्या. आरोपी बेफिकीर होता. "व्हिटॅमिन आहे, साहेब. रुग्णांची उंची वाढलीय, विचारा."

भिंतीवर उंची मोजायची लाकडी पट्टी होती. मी ती उतरवायला लावली. मागे खिळ्यांची जुनी भोके निघाली, एकाखाली एक. पट्टी दर महिन्याला थोडी खाली सरकत होती आणि लोक जागच्या जागी वाढत होते! भोके मोजून पंचनाम्यात घेतली, तसा तो खरे सांगू लागला. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तो उंदरांचे पिंजरे धूत असे. नोकरी सुटताना त्याने बाटल्यांचा खोका उचलला होता.

मग फोन सुरू झाले. तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ म्हणाले, "पोरीची बदनामी होईल. मिटवा." मी म्हणालो, "लेखी कळवा, कागदाला जोडतो." लेखी काही आले नाही. माझी बदली मात्र आली. जाण्याआधी मी दोषारोपपत्र दाखल केले.

बदलीआधीच्या त्या दिवसांत मुलीचे वडीलही ठाण्यात येऊन रडले. "साहेब, बोभाटा झाला तर हिच्याशी लगीन कोन करील?"

मुलगी शेजारीच उभी होती. "बाबा, मी एवढीच आहे नि एवढीच राहणार. ज्याला चालत नाही त्याने आपल्या दारात येऊ नये."

साक्षीच्या दिवशी मी नव्या ठाण्यातून मुद्दाम आलो. आरोपीच्या वकिलाने तिला हसत विचारले, "सुया तू स्वखुशीने घेतल्यास ना?"

"हो, घेतल्या. त्याने खोटं सांगितलं म्हणून घेतल्या. खरं कळलं तेव्हा पोलिसांकडेही स्वखुशीनेच गेले."

वकील खाली बसले. आरोपीला शिक्षा झाली.

फसलेला माणूस शरमेने गप्प बसतो, यावरच असल्या लोकांचा धंदा चालतो. ही मुलगी गप्प बसली नाही. मी फक्त तिच्या बाजूने कागद नीट केले, आणि त्यासाठी झालेली बदली मला आजही बढतीसारखी वाटते.