अठ्ठावीस मिनिटांची नोंद

विमानाच्या इंजिनाला मी हात लावायचो, पण सही करायचा अधिकार मला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

शाळा चौथीपर्यंत. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात अठरा वर्षं काढली आणि पेन्शनीत गावी आलो. कऱ्हाडच्या बाजूला एका कारखानदाराचं चार सीटांचं विमान होतं, त्याच्या शेडवर कामाला लागलो. धुणं-पुसणं, ऑइल बदलणं, प्लग काढून साफ करणं माझ्याकडं. महिन्यातून एकदा पुण्याहून इंजिनिअर यायचा, तपासायचा, वहीत सही करायचा आणि जायचा. मधल्या दिवसांत जे काय व्हायचं ते मी आणि विमान उडवणारा कॅप्टन बघायचो. तो मला उस्ताद म्हणायचा. वयानं माझ्या निम्मा असेल.

इंजिनाला सहा सिलिंडर. मालकांनी बाहेरच्या देशातून एक पेटी मागवून कॅप्टनच्या समोरच्या फळीत बसवली होती, बिस्किटाच्या पुड्याएवढी. कुठला सिलिंडर किती तापलाय ते ती सहा उभ्या पट्ट्यांनी दाखवायची. एखादा जास्त तापला की त्याचा आकडा लुकलुकायचा. दाखवायची ते दाखवायची, वर सगळं आपल्या पोटात लिहूनही ठेवायची, दर सहा सेकंदाला. केबल लावली की ते कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतं, असं कॅप्टन म्हणायचा. पण केबलच आली नव्हती. त्यामुळं पेटी लिहीत होती आणि वाचणारं कुणी नव्हतं.

माझ्या बायकोच्या काळजाची झडप खराब झाली होती. दोन वर्षं गोळ्यांवर काढली. एका सकाळी तिला श्वासच घेता येईना. डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या, आजच्या आज, ऑपरेशनची तयारी करून ठेवायला मी फोन करतो. गाडीच्या रस्त्यानं पुणं म्हणजे खड्डे, घाट आणि मध्ये कुठं ट्रक आडवा झाला की संपलं. मालकांच्या कानावर गेलं. त्यांनी एका शब्दानं विमान दिलं. हे मी विसरणार नाही.

तिला मागच्या सीटवर आडवी केली, डोकं माझ्या मांडीवर. जन्मात विमानात बसली नव्हती. रोज मी शेडवर निघालो की माझा डबा बांधायची आणि म्हणायची, "तुमच्या त्या सवतीला माझा नमस्कार सांगा." आज सवतीच्याच पोटात झोपली होती. वर गेल्यावर तिला जरा बरं वाटलं. खाली काय दिसतंय म्हणून विचारायला लागली. मी सांगत होतो. ऊस, नदी, मग सातारा, मग अजिंक्यतारा. किल्ला वरून कसा दिसतो म्हणाली. म्हटलं, पालथ्या परातीसारखा.

तेवढ्यात कॅप्टन ओरडला, "तीन नंबर तापतोय."

आता इथं मला खरं लिहायचंय. दोन दिवसांपूर्वी तीन नंबरच्या सिलिंडरला जी तापमानाची बारीक वायर जाते, ती घासून तुटलेली मला दिसली होती. तिच्या टोकाला लावायचा पितळी लग, म्हणजे वायर जोडायची कडी, माझ्याजवळ नव्हता. इंजिनिअरला यायला अजून आठवडा होता. मी फौजेत ट्रकला जे हजार वेळा केलं तेच केलं. वायर सोलली, पीळ दिला, वर टेप गुंडाळला. इंजिन चालवून बघितलं, पट्टी बरोबर दिसली. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर विमान आठवडाभर उभं राहिलं असतं, आणि माझा हात तिथं का गेला हेही निघालं असतं.

म्हणजे कॅप्टन ओरडला तेव्हा त्या विमानात एकट्या मला माहीत होतं की आकडा खोटा असू शकतो. पीळ सैल झाला तरी आकडा उड्या मारतो. पण सिलिंडर खरंच तापला असेल तर? पुढं खंबाटकीचा डोंगर. इंजिन तिथं बंद पडलं तर तिघंही गेलो. माझं तोंड उघडलं नाही. कॅप्टननं विमान मागं वळवलं.

तिच्या तोंडावर ऊन आलं. ती म्हणाली, "आवं, ऊन हिकडं कसं आलं?"

"उतरायच्या आधी फेरी मारत्यात," मी म्हणालो.

"लवकर आलं की पुणं."

हे तिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. विमान जिथनं उडालं तिथंच उतरलं. जाऊन-येऊन अठ्ठावीस मिनिटं. तिथनं मालकांच्या जीपमध्ये घालून आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो. शिरवळच्या पुढं, कारखान्यांची पहिली पाळी सुटून माणसं सायकलींवर घरी चालली होती, तिथं ती गेली. ड्रायव्हरला मी गाडी थांबवायला सांगितली नाही. पुणं येईस्तोवर तसाच बसून राहिलो.

ती गेल्यावर चार दिवसांनी पुण्याचा इंजिनिअर येऊन विमान तपासून गेला, तेव्हा मी सुतकात घरी होतो. त्यानं माझा टेप कापून टाकला आणि नवा लग बसवला. सिलिंडरवर गार हवा नेणारा पत्राही वाकलेला होता म्हणे, तो सरळ केला. कॅप्टन सांगायला घरी आला, तेव्हा मी एवढंच विचारलं, मग काय झालं होतं? तो म्हणाला, पत्र्यामुळं खरंच तापला असेल किंवा वायरीचा खेळ असेल. आता सगळं नीट केल्यावर कसं कळणार? पेटीतलं उतरवलं की कळेल. आकडा हळूहळू चढला असेल तर खरी उष्णता. एकदम उडी मारली असेल तर वायर. टेप कुणी गुंडाळला होता ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एवढं एकच मग माझ्या डोक्यात राहिलं. हळूहळू चढला की उडी मारली. हळूहळू चढला असेल तर मी गप्प बसलो ते बरोबर. उडी मारली असेल तर तिला मी मारली.

तेराव्याला आटपाडीहून माझा मेव्हणा आला होता. तिचा थोरला भाऊ, फटकळ माणूस. जेवणावरनं उठता उठता चार माणसांत म्हणाला, "दाजी, लोकाची इमानं नीट करताय. माझ्या भनीच्या येळंला बरं बिगाडलं." कुणीतरी त्याला गप केलं. त्याला टेपचं काय माहीत असणार? तो दुःखानं बोलला. पण त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

घरात दिव्यापाशी बसवेना म्हणून मी तेराव्याच्या आधीच शेडवर जायला लागलो होतो. सुतक पाळत नाही म्हणून भावकी बोलली. बोलू दे. मालकांनी त्या दिवसापासून विमानात पाय ठेवला नव्हता, कॅप्टन आठवड्यातून एकदा तोंड दाखवून जायचा. शेडमध्ये मी आणि ती पेटी. केबल बोटीनं येणार होती, दोन महिने लागतील म्हणाले.

मला एकाच गोष्टीची धास्ती. विमान उभं, म्हणजे बॅटरी बसणार. बॅटरी बसली की पेटीतलं पुसलं जाणार. आम्हाला फौजेत शिकवलेलं असं की उभी गाडी रोज सकाळी सुरू करायची, पावसात असो, बर्फात असो. ते हाडात मुरलेलं. मी रोज सकाळी सव्वासहाला विमान शेडबाहेर ढकलायचो, चाकांना लाकडं लावायचो आणि अर्धा तास इंजिन चालवायचो. पेटीच्या पट्ट्या वर यायच्या, हिरव्या हिरव्या. मी म्हणायचो, जिवंत आहे. एक दिवस चुकवला नाही. ताप भरला होता तरी गेलो. कॅप्टनला विचारायचं धाडस झालं नाही, कारण तो म्हणाला असता, उस्ताद, तुम्हाला पेटीची एवढी काळजी का?

दोनाचे अडीच महिने झाले आणि केबल आली. कारखान्याच्या ऑफिसातला जुना काळा-हिरवा कॉम्प्युटर काही केबलबरोबर आलेली प्रोग्रॅमची चकती घेईना. नवा कॉम्प्युटर मालकांच्या सांगलीच्या ऑफिसात होता. विमान काही सांगलीच्या ऑफिसात नेता येत नाही, तेव्हा कॉम्प्युटर शेडवर आणायचं ठरलं आणि जीपमधनं मीही सांगलीला गेलो. त्याच्याबरोबर सांगलीत कॉम्प्युटरचा क्लास घेणारी एक बाई आली. वीस-पंचवीसची, बोलायला तिखट. कॉम्प्युटरचा डबा आणि कीबोर्ड गोधडीत गुंडाळून जीपच्या मागं ठेवला. पडदा टीव्हीएवढा जड, तो मी मांडीवर घेतला. इस्लामपूर येईपर्यंत पाय बधिर झाले.

ती मागं वळून म्हणाली, "आजोबा, खाली ठेवला तरी चालतंय. लेकरू धरल्यागत धरलंय की."

"राहू दे," म्हटलं.

शेडमध्ये लोखंडी टेबल विमानाच्या दाराशी आणलं. ऑफिसातनं वायर ओढली. केबलचं एक टोक पेटीच्या पाठीमागं, एक कॉम्प्युटरच्या पाठीमागं. कॅप्टन आत बसून पेटीची बटणं दाबत होता. पहिल्यांदा पडद्यावर नुसत्या खुणा आणि चौकोन आले. बाई म्हणाली, दोघांचा बोलायचा वेग जुळत नाही, पेटी भरभर बोलतेय आणि कॉम्प्युटर हळू ऐकतोय. तिनं काहीतरी बदललं. मग आकडे यायला लागले, ओळीवर ओळ, खालनं वर सरकत. मला इंग्रजी आकडे वाचता येतात. हात धोतराला पुसून मी तिच्या मागं उभा राहिलो.

सगळं उतरल्यावर तिनं यादी काढली. एकेका वेळी इंजिन चालू झालं की एकेक ओळ, तारखेसकट. ती वाचत गेली आणि मग कॅप्टनकडं बघितलं.

"विमान रोज उडत होतं का?"

"छे. अडीच महिने उभं आहे."

"मग हे काय? रोज सकाळी सव्वासहा. अर्धा तास. रोज."

मी म्हणालो, "मी चालवत होतो. बॅटरी बसू नये म्हणून."

कॅप्टन आतनं खाली उतरला. पडद्याकडं बघितलं. त्यानं बाईला अगदी पहिली ओळ काढायला सांगितली. ती माझ्या ओळखीची सकाळ होती, तेराव्याच्या नंतरची. त्याच्या आधीचं काही नव्हतं.

"उस्ताद," तो हळू म्हणाला, "या पेटीला आठवणीसाठी बॅटरी लागत नाही. वर्षभर उभी राहिली असती तरी चाललं असतं. पण जागा पंचवीस-तीस तासांचीच. भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहिते."

रोज अर्धा तास. हिशेब करायला चौथीची शाळा पुरते.

बाईला काही माहीत नव्हतं. तिनं सरळ विचारलं, "आजोबा, हे ठेवायचं का? कागदावर काढून देऊ?"

"काय करू त्याचं?"

मग कॅप्टननं तिला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं असणार, कारण परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता आणि तिनं मला चहा आणून दिला. तो मला नको होता. पण प्यालो.

जीपमध्ये सामान भरून झाल्यावर कॅप्टन आणि मी शेडच्या मागं पत्र्याच्या सावलीत बसलो. तिथं मी त्याला सगळं सांगितलं. वायर, पीळ, टेप, आणि त्या वेळी गप्प बसलो ते. माझं संपल्यावर मी विचारलं.

"तवाच तुमाला सांगितलं असतं, आकडा खोटा असंल म्हणून, तर पुढं गेला असता?"

तो पटकन म्हणाला, "नाही. तरी मागंच वळलो असतो. तीन माणसं होती आत."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. मुंबईला जायची मालकांना घाई असायची आणि ढग असायचे, तेव्हाही हा असाच पटकन बोलायचा. काही नाही साहेब, जाऊ आरामात. तेव्हाही तोंडावर हेच असायचं. खरं बोलला की मला सांभाळून घेतलं, मला सांगता येईना. पुन्हा विचारलं असतं तर त्यानं पुन्हा तेच सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

पुढं मालकांनी विमान विकलं आणि कॅप्टन दुसरीकडं नोकरीला गेला. मेव्हण्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगू तरी काय.