तेल घातलंस का?

"रॉकेलच्या ताटलीत तीन मुंग्या मेल्यात. तीन. मी मोजल्यात. आणि ही म्हणते, इंजिन धुतेय."

आत्ती मधल्या खोलीत शेंगा फोडत बसल्या आहेत आणि हे सगळं भिंतीला सांगतायत. भिंतीला सांगणं म्हणजे सुनेला सांगणं, ही या घराची जुनी रीत. भिंत मधे असली की सासूचा मान राहतो आणि सुनेला ऐकलं नाही म्हणायची सोय राहते.

सून, म्हणजे त्रिशला, मागच्या पडवीत पोतं अंथरून आडवी झाली आहे. वैशाखातली दुपार, अडीच वाजलेले. लाइट गेलेली, त्यामुळे अख्खी सातवी गल्ली गप्प. तिच्या उशाशी येझदी मोटरसायकलचं इंजिन पडलंय, पोट उघडं टाकून. पलीकडे भिंतीला बाकीची गाडी टेकलेली, पुढचं चाक नसलेली, नवऱ्याच्या जुन्या लुंगीनं झाकलेली. पायाशी ती रॉकेलची ताटली. ताटलीत जुना पिस्टन.

"दोन इंद्रियांचा जीव असला तरी जीवच की," आत्ती जैन प्रवचनात ऐकलेलं भिंतीला म्हणतात. मग जरा थांबून, "का तीन इंद्रियांचा गं मुंगीला?"

त्रिशलाला हसू येतं, पण ओठापर्यंत यायचा त्याला कंटाळा. डोळे मिटतायत.

गाडी पारिसाची. पारिसा मगदूम, साखर कारखान्यातला फिटर, त्रिशलाचा नवरा. चौदा महिन्यांपूर्वी दात घासता घासता मोरीत बसला तो बसलाच. गेला तेव्हा इंजिन असंच उघडं होतं. जाण्याआधी पाच महिने त्यानं ते खोललं होतं आणि पाच महिने तो एकच वाक्य बोलत होता, पार्ट येऊ दे. डॉक्टरांनी छातीचं दुखणं मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून चिठ्ठी दिलेली. चिठ्ठी कॅलेंडरमागं. "जाऊ की. पार्ट आला, गाडी उभी राहिली, की पहिली फेरी मिरजेला."

आता तेच वाक्य त्रिशला बोलते. दिवस कार्य झालं, माणसं पांगली, आणि एक दिवस ती पाना घेऊन पडवीत बसली. कुणी शिकवलं नाही. थोडं मोबाईलवर बघून, थोडं पारिसाच्या वहीत बघून, बरंचसं चुकून. सांगलीला जाऊन सिलिंडर आतून घासून, बोअर करून आणला. आता मोठ्या मापाचा पिस्टन पाहिजे, आणि तो पुण्यातल्या एका म्हाताऱ्याकडं आहे, जो फोनवर गेले तीन महिने "पुढच्या आठवड्यात" म्हणतोय. तोवर ती जुन्या पिस्टनच्या मागं लागलीय. त्याच्याभोवती कड्यासारख्या बसणाऱ्या तीन रिंगांपैकी दोन तुकडे होऊन निघाल्या. तिसरी खाचेत चिकटून बसलीय, ती काही केल्या सुटत नाही. ती सुटली काय न सुटली काय, नवा पिस्टन येणारच आहे. पण वाट बघणाऱ्याच्या हाताला काहीतरी पाहिजे. म्हणून रॉकेल. म्हणून मुंग्या.

"तीन कुठल्या? चार हायत," कुणीतरी म्हणतं.

त्रिशला डोळे उघडते, किंवा उघडत नाही. पारिसा तिच्याकडं पाठ करून ताटलीपुढं उकिडवा बसलाय. बंडी घातलेली, मानेवर घामोळं. खोबरेल तेल लावून चापून बसवलेले केस, ज्यांतला एक कायम बंडखोर.

"उठू नकोस," तो म्हणतो. "दहाचा पाना कुठाय?"

"तुमच्या हातात."

तो हाताकडं बघतो. "व्हय की."

तिला रडू यायला पाहिजे. येत नाही. उलट तिला वाटतं, बंडी धुवायला टाकली पाहिजे.

"बरंच केलंयस," इंजिनावरून बोट फिरवत तो म्हणतो. "हे पॅकिंग उलटं लावलंस."

"माहितीय. काढणार आहे."

"मग लावलंस कशाला?"

"तुमच्यासारखं एकदम बरोबर लावायला मी काय कारखान्यात होते?"

तो खांद्यांतून हसतो. चौदा महिन्यांत या पडवीत कुणी तिची चूक काढली नव्हती. सगळे कौतुकच करत होते, आजाऱ्याचं करतात तसं.

"ऐका," ती म्हणते. "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"पार्ट येऊ दे. मग सांग."

ते जे सांगायचंय ते त्रिशलानं कुणालाच सांगितलेलं नाही.

ही येझदी जुन्या पद्धतीची. हिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, लिटरला एक माप. त्यासाठी पारिसानं पत्र्याचं एक छोटं माप केलं होतं. कॅनमधून पेट्रोल ओतणं आणि तेल मोजून घालणं हे काम लग्नापासून त्रिशलाचं. तेल असलं की गाडी मागं निळसर धूर सोडते. शेजारच्या बायका वाळत घातलेले कपडे ओढत शिव्या घालायच्या, आणि पारिसा गल्लीच्या तोंडाशी थांबून आरशात तो धूर बघायचा. बघितल्याशिवाय पुढं जायचा नाही. "धूर दिसतोय तोवर इंजिनाला भ्या न्हाई."

मिरजेला जायचं ठरलं त्या सकाळी तिनं रिकाम्या टाकीत कॅन ओतला, आणि तेवढ्यात आत्तींनी हाक मारली, देवापुढचा दिवा विझायला आलाय. ती आत गेली. दिव्यात तेल घातलं. बाहेरून पारिसानं विचारलं, "तेल घातलंस का?" आणि हातात तेलाची बुधली घेऊन तिनं आतून सांगितलं, "घातलं की."

खोटं बोलली नव्हती. घातलंच होतं.

अंकलीच्या पुलावर इंजिन तापून जाम झालं. पिस्टन सिलिंडरला चिकटला. कुणाच्या तरी टेम्पोत गाडी घालून तो दुपारी परत आला. मिरज राहिलं. आणि मग पार्टची वाट.

"अहो, पार्ट यायचाय म्हणून तर बसलोय ना आपण इथं?" ती म्हणते, कारण ते दोघं आता बाकावर बसले आहेत.

दवाखान्याचा लांबलचक बोळ. फिनेलचा वास, त्यात रॉकेलचा. बाकांवर माणसं ओळीनं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर काही ना काही. एका बाईनं कार्बोरेटर टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलाय आणि ती त्याला थोपटतेय. एक म्हातारा हेडलाइटची काच धोतरानं पुसतोय, पुसतोय. टोकाला खिडकी. खिडकीतला माणूस नाव पुकारतो. जो उठून जातो त्याला तो म्हणतो, "पुढच्या आठवड्यात," आणि माणूस परत येऊन बसतो. कुणी चिडत नाही. त्रिशलाला तेच भयंकर वाटतं.

"मगदूम! पारिसा मगदूम!"

पारिसा छताकडं बघतो.

"तुम्हाला बोलावतायत."

"दुसरा कुणी असंल. मगदूम काय थोडे हायत?"

"पारिसा मगदूम म्हणतोय तो!"

"पारिसा तरी काय थोडे हायत? शिरोळ तालुक्यात दगड मारला तर पारिसाला लागतो."

"उठा."

"उठतो की." उठत नाही. त्याचे गुडघे हलतायत, शाळेच्या पोरासारखे. तिनं त्याचे गुडघे असे हलताना आधी कधी बघितलेत? बघितलेत. त्या सकाळी, बूट घालताना. तेव्हा तिला वाटलं होतं, थंडी आहे.

"मगदूम!" तिसऱ्यांदा.

"चल," तो तिचा हात धरून म्हणतो. बोळाची फरशी पायाखाली डांबर होते आणि ती त्याच्या मागं गाडीवर बसलेली असते, दोन्ही पाय एका बाजूला, पदर तोंडात. गाडी पूर्ण आहे. दोन्ही चाकं आहेत. खाली कृष्णा, उन्हाळ्यातली, हाडं वर आलेली. त्या दिवशी ती त्याच्याबरोबर नव्हती. आत्तींचा उपवास सोडायचा होता म्हणून घरी राहिली होती. आज आहे.

गाडी सुंदर चाललीय. हाच आवाज. तेरा-चौदा महिने ती कानात धरून बसलेली तो हाच.

"आरशात बघ," पारिसा म्हणतो. "मागं काय दिसतंय?"

ती वाकून उजव्या आरशात बघते. "रस्ता. उसाची ट्रॉली."

"आणि?"

"ट्रॉलीवर एक माणूस झोपलाय."

"आणि?"

"आणि काही नाही."

"तेच," तो म्हणतो.

तिला कळत नाही. कळायच्या अगदी अलीकडं ती थांबलेली आहे. दारात चप्पल काढायला थांबावं तशी.

"ऐका, मला सांगू दे. पार्ट येवो नाहीतर न येवो. तेल मी घातलं नव्हतं हो. दिव्यात घातलं होतं. तुम्ही विचारलंत आणि मी..."

गाडी थांबते. आपटत नाही, घसरत नाही. शिलाईचं मशीन थांबतं तशी थांबते. पुलावर एकदम इतकी शांतता की खालून पाण्याचा आवाज यावा, पण पाणीच नाही.

पारिसा उतरत नाही. दोन्ही पाय टेकून बसून राहतो आणि त्याच्या पाठीवरून काहीतरी उतरतं. त्याचे खांदे खाली येतात. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोराचे येतील तसे.

"हात दे," तो म्हणतो.

तिचा हात मोकळा आहे. चौदा महिने मोकळाच आहे. तो तिची बोटं जुळवतो, अंगठा आत दाबतो, कासार दाबतो तसा, आणि काळपट गोल काहीतरी हळूहळू वर सरकवतो.

"तुझ्याच मापाची निघाली बघ."

"तुटेल."

"तुटंल की. बिडाची हाय."

"अहो," ती म्हणते, आणि नेमकं तेच विचारते जे विचारायला नको होतं. "पार्ट कधी येणार?"

पारिसा नदीकडं बघतो. मग तिच्याकडं न बघता, अगदी हळू,

"यायला पायजेच का गं?"

पंखा गरगरतो. लाइट आलीय. गल्लीत कुणाच्या तरी घरी मिक्सर सुरू होतो, कुठंतरी टीव्ही मोठ्यानं बोलायला लागतो, सगळं जग एकदम आपल्याला विसरून सुरू झाल्यासारखं. त्रिशला पोत्यावर उठून बसते. तोंडाला रॉकेलची चव. पडवीत इंजिन, लुंगीखालची गाडी, उलटं लावलेलं पॅकिंग. माणूस नाही.

उजवा हात जड लागतो म्हणून ती बघते.

मनगटावर रिंग आहे. अखंड. ताटलीतल्या पिस्टनची तिसरी खाच रिकामी आहे, आणि तिच्या हातावर, रिंगेच्या खाली, काळ्या तेलाचा बारीक वळसा उमटलाय. झोपेत आपणच ओढून काढली असेल, ती स्वतःला सांगते. तीन महिने जी हातोडीनं निघाली नाही ती.

"हातात काय घातलंस?"

आत्ती दारात उभ्या आहेत, हातात शेंगदाण्यांची परडी. या खेपेला भिंत मधे नाही.

त्यांनीच चौदा महिन्यांपूर्वी सुनेच्या बांगड्या उतरवल्या होत्या. फोडू दिल्या नव्हत्या. एकेक करून साबण लावून काढल्या होत्या आणि फडक्यात बांधून कुठं ठेवल्या ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"गाडीची आहे," त्रिशला म्हणते.

आत्ती रिंगेकडं बघतात. त्रिशलाला वाटतं, आता बोललो नाही तर आपण कधीच बोलणार नाही.

"आत्ती, त्या दिवशी मी पेट्रोलात तेल घातलं नव्हतं. तुमच्या हाकेला आत आले. दिव्यात घातलं. त्यांना म्हटलं, घातलं. माझ्यामुळं गाडी बंद पडली. माझ्यामुळं मिरजेला जायचं राहिलं."

झालं. बोलून झालं. पंख्यानं शेंगदाण्याची फोलं उडतायत. आत्ती दाराला धरून हळूहळू खाली बसतात, आधी एक गुडघा, मग दुसरा. परडी कलंडते, दाणे इंजिनाखाली घरंगळतात. वेचायला त्या हात पुढं करतात आणि तसाच ठेवतात.

"धूर नव्हता," त्या म्हणतात. "मी दारात हुतो. गल्लीच्या तोंडाला त्यो थांबला. आरशात बघितलं. धूर नव्हता, त्रिशला. मला म्हातारीला दिसलं, ते त्याला न्हाई दिसलं व्हय?"

त्रिशलाचा डावा हात रिंगेवर जातो. दाबत नाही. नुसता धरून राहतो.

"मग गेले कशाला?"

"बंद पडंल म्हणून गेला." आत्तींचा आवाज भिंतीला सांगतात तेवढाच खाली, पण भिंत नाही. "त्याला जायाचंच नव्हतं गं. लई भ्याला हुता. दुपारी आला, माझ्याजवळ बसला, गुडघं लटलट हलत हुतं. म्हणाला, आव्वा, गाडी बंद पडली, बरं झालं. एस्टी हुती. रिक्षा हुती. मिरज काय लांब हाय? पण मी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला, आणि मीबी म्हटलं..."

मग सुनेकडं बघून सांगतात.

"मीबी म्हटलं, बरं झालं, बाळा."